अण्णांचे अडलेले शब्द

"किती पोळ्या वाढू?" हा प्रश्न आमच्या घरी रोज दोनदा विचारला जातो. माझे सासरे, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, त्याचे उत्तर निराळ्या रीतीने देतात. ते 'एक, दोन' असे मोजतात आणि थांबतात. नुसते 'दोन' म्हणायला गेले, की ओठांची चाळवाचाळव होते, जीभ जागा शोधू लागते, 'तोन', 'नोन' असे काहीतरी निघते, आणि अण्णा कपाळावर हात मारून घेतात. बँकेत पस्तीस वर्षे रोखपाल म्हणून नोटा मोजलेला हा माणूस!

२०२३ च्या श्रावणातली ती सकाळ. अण्णांनी 'चहा' म्हणण्याऐवजी 'हचा' म्हटले आणि आम्ही हसलो. कवळी सैल झाली असेल, असे वाटले. अण्णांनीही ती काढून, धुऊन पुन्हा बसवली. "तोंड उजवीकडे जरा ओघळल्यासारखं दिसतंय गं," असे सासूबाई म्हणाल्या. पण मला तास गाठायचा होता. त्या दिवशी मी वर्गात भाषाशास्त्रातील ध्वनिविचार शिकवत होते! संध्याकाळी इस्पितळात कळले, की मेंदूच्या डाव्या भागात रक्ताची गुठळी अडकली आहे. ती विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते. आमचे नऊ तास कवळीने खाल्ले होते.

हाताची शक्ती महिन्याभरात परतली. वाचा परतेना. समाचाराला येणाऱ्यांनी आपापले निदान केले. कुणी म्हातारचळ म्हटले, कुणी अण्णांच्या कानाशी ओरडून बोलू लागले, कुणी जिभेला वेखंड लावायला सांगितले. त्यातच दिवेलागणीला अण्णा रामरक्षा म्हणत, ती मात्र न अडखळता! मग 'पाणी' म्हणायला काय होते? एका पाहुण्यांनी 'सोंग' हा शब्द उच्चारला, आणि खरे सांगायचे तर क्षणभर माझ्याही मनात तो येऊन गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णांनी वर्तमानपत्राच्या समासात वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिले, 'मला सगळे कळते. ओरडू नका.'

त्या कागदानेच आम्हांला वाचातज्ज्ञ बाईंकडे नेले. (मुंबईत वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत असे तज्ज्ञ तयार होतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.) त्यांनी अण्णांना 'प-प-प' म्हणायला सांगितले. जमले. मग 'प-त-क' सांगितले, आणि सारा गोंधळ उडाला. ओठ, दात, कंठ! आपली वर्णमाला म्हणजे मुखाचा नकाशाच आहे, हे मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. अण्णांच्या जिभेत बळ होते, शब्दही डोक्यात शाबूत होते. एका स्थानावरून दुसऱ्यावर कोणत्या क्रमाने जायचे, हा मेंदूने आखायचा मार्गच मोडला होता. याला 'अप्रॅक्सिया ऑफ स्पीच' म्हणतात. १९६०च्या दशकात अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या फ्रेडरिक डार्ली यांनी हे नाव रूढ केले.

रामरक्षेचे कोडेही बाईंनीच उलगडले. स्तोत्र, पाढे, वारांची नावे ही वर्षानुवर्षे मळलेली पाऊलवाट. तिच्यावरून जीभ आपोआप चालते. 'पाणी' हा शब्द ठरवून म्हणायचा, तर वाट नव्याने आखावी लागते. म्हणूनच चूक दर वेळी वेगळी, शब्द लांब तितकी जास्त, आणि ती झाल्याचे माणसाला स्वतःला कळते. जीभच दुबळी झाली असती, तर बोलणे सतत एकसारखे बोबडे आले असते. शब्दच आठवत नसते किंवा अर्थ लागत नसता, तर तो वाचाघात. आणि पुष्कळदा ही दुखणी एकत्रच येतात, म्हणून निदान घरी करू नये. क्वचित अर्धांगाचा झटका न येताही बोलणे महिनोन्‌महिने असे बिघडत जाते. तेव्हाही मेंदूविकारतज्ज्ञ गाठावेत.

वेखंड आम्ही थांबवले. फुंका मारणे, जीभ बाहेर काढणे हेही केले नाही, कारण बोलणे बोलूनच सुधारते. सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटे मी अण्णांसमोर उजेडात बसते. ते माझ्या ओठांकडे पाहतात, मी सावकाश म्हणते, मग दोघे मिळून म्हणतो, मग ते एकटे. मांडीवर बोटांनी ताल धरला तर अधिक सोपे जाते. आरंभी 'पाणी', 'चहा', 'नको' एवढेच शब्द घेतले. 'नको' प्रथम जमले, आणि त्याचा उपयोग अण्णांनी भोपळ्याच्या भाजीवर ताबडतोब केला!

सर्वांत अवघड काम आमचे होते. त्यांचे वाक्य आपण पुरे न करणे. टीव्ही बंद ठेवणे, 'चहा की दूध?' असा एकेकच प्रश्न विचारणे, उशाशी पाटी ठेवणे हे लवकर अंगवळणी पडले. गप्प राहून वाट पाहणे मला, तास घेण्याची सवय जडलेल्या बाईला, अजून पुरते साधलेले नाही.

परवा भाजीवाला दाराशी आला. "मेथीच्या किती जुड्या, अण्णा?"

मी तोंड उघडणार, तोच सासूबाईंनी माझा हात दाबला. अण्णांनी बोट मांडीवर आपटले. "एक... दोन... तीन." भाजीवाल्याने तीन जुड्या पिशवीत टाकल्या आणि शंभराच्या नोटेचे सुटे परत दिले. ते अण्णांनी दोनदा मोजून घेतले.