विश्लेषण : शर्यतीच्या आदल्या दिवशीची विश्रांती इतकी जड का जाते?

महिनोन् महिने पहाटे उठून धावणाऱ्याला शर्यतीच्या आदल्या दिवशी प्रशिक्षक एकच सांगतात : आज धावायचे नाही. ऐकायला सोपा वाटणारा हा दिवस अनेकांना शर्यतीपेक्षा जड जातो. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला निघालेला हौशी धावपटू असो की धाराशिव जिल्ह्यातून पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला जाणारा उमेदवार, घालमेल सारखीच. या दिवशी शरीरात नेमके काय घडते आणि तो कसा घालवावा?

आदल्या दिवशी सराव का करायचा नाही?

कठोर सरावाचा फायदा लगेच मिळत नाही. धावताना स्नायूंची झीज होते आणि ती भरून निघताना ताकद वाढते. त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणजे आज मारलेल्या फेऱ्यांचा उपयोग उद्या होणार नाही, थकवा मात्र उद्या सोबत येईल. म्हणूनच लांब पल्ल्याचे धावपटू शर्यतीपूर्वी साधारण दोन आठवडे सरावाचे अंतर हळूहळू ४० ते ६० टक्क्यांपर्यंत कमी करतात. वेग मात्र अधूनमधून कायम ठेवतात. आदला दिवस हा या उताराचा शेवटचा टप्पा. या दिवशी तयारी वाढवता येत नाही, ती फक्त बिघडवता येते.

मग पाय जड का वाटतात?

स्नायू पिष्टमय पदार्थांपासून मिळालेली साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणीही साठते. सराव थांबला, जेवण सुरू राहिले की हा साठा भरतो आणि वजन किलो-दीड किलोने वाढू शकते. धावपटूला वाटते, आपण सुस्तावलो. प्रत्यक्षात टाकी भरलेली असते. रोजच्या धावण्यात गुंतलेले मन मोकळे झाले की गुडघ्यातली बारीकशी कळही मोठी भासते. तीव्र किंवा वाढत जाणारे दुखणे असेल तर डॉक्टरांना दाखवावे. इतर हुरहुरीकडे दुर्लक्ष केलेले बरे.

मोठे खेळाडू हा दिवस कसा झेलतात?

शेजारच्या बीड जिल्ह्यातील मांडवा (ता. आष्टी) गावच्या अविनाश साबळेचे उदाहरण घ्या. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची प्राथमिक फेरी ५ ऑगस्टला झाली. प्रत्येक गटातून पहिले पाचच पुढे जाणार होते. साबळे ८ मिनिटे १५.४३ सेकंदांत पाचवा आला. अंतिम फेरी ७ ऑगस्टच्या रात्री होती. मध्ये पूर्ण मोकळा असा एकच दिवस मिळाला. अंतिम फेरीत तो ८ मिनिटे १४.१८ सेकंद वेळेसह अकरावा आला, म्हणजे प्राथमिक फेरीपेक्षा सव्वा सेकंद वेगवान.

सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या ललिता बाबरला २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये असाच एक दिवस मिळाला होता. १३ ऑगस्टला ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून ती अंतिम फेरीत पोहोचली. १५ ऑगस्टला तिने ९ मिनिटे २२.७४ सेकंद घेतले आणि ती दहावी आली. विश्रांती म्हणजे जादू नव्हे, हे यातून दिसते. आधीच्या कष्टांवर पाणी पडू न देणे एवढेच तिचे काम.

काय खावे, किती झोपावे?

मॅरेथॉनसारख्या दीड तासापेक्षा लांब शर्यतीसाठी आदल्या दोन दिवसांत भात, पोळी, बटाटा, केळी वाढवावीत. तेलकट, तिखट आणि पोटात गॅस करणारे कडधान्य टाळावे. सवयीचे नसलेले काहीही या दिवशी नको. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. भीतीपोटी लिटरच्या लिटर साधे पाणी रिचवल्यास रक्तातील सोडियम घटून धोका होऊ शकतो. शर्यतीच्या आदल्या रात्री झोप लागली नाही तर घाबरू नये. त्याआधीच्या दोन-तीन रात्रींची चांगली झोप मोठा आधार देते.

पोलीस भरतीच्या उमेदवारांनी काय लक्षात ठेवावे?

५० गुणांच्या मैदानी चाचणीत पुरुषांच्या १६०० मीटर आणि महिलांच्या ८०० मीटर धावण्याला २० गुण आहेत. एवढ्या अंतराला भाताचा जादा साठा लागत नाही, नेहमीचे हलके जेवण पुरते. इथे खरा शत्रू प्रवास आहे. रात्रभर एसटीत बसून पहाटे थेट मैदानात उतरणाऱ्याचे पाय आखडलेले असतात. शक्य असल्यास एक दिवस आधी पोहोचावे, दहा-पंधरा मिनिटे चालावे, हलके ताण द्यावेत. ओळखपत्र, कागदपत्रे आणि रोजच्या वापरातले बूट संध्याकाळीच एका पिशवीत भरून ठेवावेत. नवे बूट आणि ‘एकदा वेळ लावून बघू’ हा मोह, दोन्ही घरी ठेवावेत.

मनाचे काय?

रिकामे बसवत नसेल तर हाताला हलके काम द्यावे. शर्यतीचा मार्ग डोळ्यांसमोर आणावा, पहिला टप्पा किती वेगाने धावायचा ते ठरवावे आणि मोबाइलवर इतरांच्या वेळा पाहणे बंद करावे.

विश्रांतीला आळस समजणाऱ्यांसाठी धाराशिवमध्येच एक दाखला आहे. तुळजापूरची भवानी वर्षातून तीन वेळा मंचकी निद्रा घेते : शारदीय नवरात्रापूर्वी घोरनिद्रा, दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा आणि शाकंभरी नवरात्रापूर्वी मोहनिद्रा. तीनपैकी दोन निद्रा उत्सवाच्या आधीच्या आहेत. मोठ्या कामाआधी पाठ टेकणे हा तयारीचाच भाग, ही समज इथल्या परंपरेत आहे. धावपटूने एक दिवस तेवढे ऐकावे. कुंथलगिरीचा पेढा मात्र शर्यत संपल्यावरच.