शेक पाठीला, गुण प्लीहेला

डिसेंबर २०१०. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमध्ये मेलॅनोमाच्या एका रुग्ण महिलेला रेडिएशन दिलं जात होतं. मेलॅनोमा म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. तो तिच्या अंगात पसरला होता. पाठीच्या कण्याशेजारी गाठ होती, फुफ्फुसाच्या मुळाशी लसिका ग्रंथी सुजल्या होत्या आणि प्लीहेत नवे डाग दिसू लागले होते. त्यातल्या कण्याजवळच्या गाठीलाच शेक द्यायचं ठरलं. आठवडाभरात तीन वेळा मिळून २८.५ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) एवढी मात्रा दिली गेली. पुढच्या एप्रिलमध्ये स्कॅन झाला, तेव्हा ती गाठ आक्रसली होतीच. पण ज्यांच्यावर किरणांचा रोखच नव्हता, त्या छातीतल्या ग्रंथी आणि प्लीहेतले डागही ओसरले होते.

या रुग्णाला २००९ पासून इपिलिम्युमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध चालू होतं. त्याला न जुमानता आजार हळूहळू वाढत होता. रेडिएशननंतर चित्र पालटलं. मायकल पोस्टो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ही हकिगत मांडली. रक्ततपासण्यांमध्ये त्यांना आणखी एक गोष्ट आढळली होती. मेलॅनोमाच्या पेशींमधल्या एका प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं रेडिएशननंतर अनेक पटींनी वाढली होती. म्हणजे दूरच्या गाठी ओसरण्यामागे रुग्णाच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीचा हात असावा, याला पुरावा मिळाला.

शेक एका जागी आणि परिणाम भलत्याच जागी, या घटनेला ब्रिटिश संशोधक आर. एच. मोल यांनी १९५३ मध्येच ‘अ‍ॅबस्कोपल’ हे नाव दिलं होतं. पण ती फारच दुर्मीळ. १९६९ ते २०१४ या काळातलं वैद्यकीय साहित्य धुंडाळल्यावर केवळ रेडिएशनने असं घडल्याची जेमतेम ४६ उदाहरणं हाती लागली. जगभरात लाखो लोक रेडिएशन घेत असताना हा आकडा किती लहान! हा योगायोगाचा भाग औषधाच्या जोडीने नेहमीचा करता येईल का, हाच आजच्या संशोधनाचा प्रश्न आहे.

त्यासाठी दोन्ही उपचार काय करतात, ते पाहू. आपल्या प्रतिकारयंत्रणेतल्या टी-पेशी रोगट पेशी ओळखून मारतात, पण त्या बेफाम होऊन निरोगी अवयवांवर उलटू नयेत म्हणून शरीराने त्यांना ब्रेक बसवले आहेत. सीटीएलए-४ आणि पीडी-१ ही प्रथिनं म्हणजे असे दोन ब्रेक. कॅन्सर त्यांचा फायदा उठवतो. हे ब्रेक सोडवले तर टी-पेशी गाठीवर तुटून पडतील, हे अमेरिकेचे जेम्स अ‍ॅलिसन आणि जपानचे तासुकू होंजो यांच्या संशोधनातून पुढे आलं. २०१८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालं. सीटीएलए-४ रोखणाऱ्या इपिलिम्युमॅबला अमेरिकेत २०११ मध्ये, तर पीडी-१ रोखणाऱ्या पेम्ब्रोलिझुमॅब आणि निवोलुमॅबला २०१४ मध्ये मान्यता मिळाली. त्याआधी पसरलेल्या मेलॅनोमाचे निम्म्याहून अधिक रुग्ण वर्षभरही जगत नसत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या पाठपुराव्यात निवोलुमॅब आणि इपिलिम्युमॅब एकत्र घेतलेल्यांपैकी ४३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतरही हयात असल्याचं दिसलं. कॅन्सरच्या उपचारांत एवढी मोठी झेप क्वचितच पाहायला मिळते.

तरीही निम्म्याहून अधिक रुग्ण उरतातच. त्यांच्यापैकी अनेकांच्या बाबतीत अडचण अशी, की टी-पेशींना गाठीची नीट ओळखच पटलेली नसते. तिथे नुसता ब्रेक सोडून भागत नाही. रेडिएशनचा उपयोग इथे होऊ शकतो.

किरणांच्या माऱ्याने गाठीतल्या पेशींचा डीएनए तुटतो. त्याचे तुकडे पेशीच्या केंद्रकाबाहेर सांडतात. केंद्रकाबाहेर डीएनए दिसणं हे पेशीच्या दृष्टीने विषाणू शिरल्याचं लक्षण. सीजीएएस नावाचं प्रथिन हे तुकडे हेरतं, ‘स्टिंग’ या दुसऱ्या प्रथिनाला जागं करतं आणि पेशी इंटरफेरॉन सोडू लागते. हा धोक्याचा इशारा मिळताच प्रतिकारयंत्रणेतल्या डेंड्रायटिक पेशी येतात, मेलेल्या कॅन्सर पेशींचे अंश गोळा करतात आणि जवळच्या लसिका ग्रंथीत नेऊन टी-पेशींना दाखवतात. ओळख पटलेल्या टी-पेशी रक्तातून सगळीकडे फिरतात. पाठीच्या गाठीवरून जी खूण पटली, तीच प्लीहेतल्या डागावर असेल तर त्या तिथेही हल्ला चढवतात. इम्युनोथेरपीचं औषध सोबत असेल तर त्यांना अडवणारा ब्रेक सुटलेला असतो.

मात्र मात्रा वाढवली की परिणाम वाढतो, असा सरळ हिशेब इथे नाही. न्यूयॉर्कच्या सँड्रा डेमारिया आणि सिल्व्हिया फोर्मेंटी यांच्या गटाने उंदरांवर केलेल्या प्रयोगांत २० ग्रेची एकच जबर मात्रा दूरच्या गाठींसाठी निष्प्रभ ठरली, तर ८ ग्रेच्या तीन मात्रांनी औषधाच्या जोडीने दूरच्या गाठींवरही परिणाम केला. याचं कारण त्यांना २०१७ मध्ये उमगलं. एका वेळची मात्रा साधारण १२ ते १८ ग्रेच्या वर गेली, की ‘ट्रेक्स-१’ नावाचं विकर वाढतं आणि केंद्रकाबाहेर सांडलेले डीएनएचे तुकडे नष्ट करून टाकतं. पुरावाच गेल्यावर इशारा कशाचा द्यायचा?

माणसांवरच्या चाचण्यांनी तर उत्साहाला चांगलाच लगाम घातला आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पसरलेल्या मेलॅनोमाच्या २२ रुग्णांच्या प्रत्येकी एका गाठीला शेक देऊन नंतर इपिलिम्युमॅब दिलं गेलं. शेक न दिलेल्या गाठी लक्षणीय आक्रसल्या त्या फक्त १८ टक्के रुग्णांत. अपयशाचा माग काढताना संशोधकांना पीडी-१ चा दुसरा ब्रेक अजून दाबलेलाच असल्याचे संकेत मिळाले. डोकं-मानेच्या कॅन्सरच्या ६२ रुग्णांच्या चाचणीत निवोलुमॅबला एका गाठीच्या रेडिएशनची जोड दिली, तरी इतर गाठींच्या प्रतिसादात ठोस फरक पडला नाही. त्याच कॅन्सरच्या सुमारे ७०० रुग्णांच्या आणखी एका चाचणीत केमो-रेडिएशनसोबत अ‍ॅव्हेलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध देऊनही लाभ झाला नाही. अशा उपचारात मानेतल्या लसिका ग्रंथींनाही शेक बसतो. ज्या ठिकाणी टी-पेशींना शत्रूची ओळख व्हायची, तेच ठिकाण भाजून निघालं तर औषध काय करणार, असा रास्त सवाल तज्ज्ञ विचारतात.

याउलट, औषध केमो-रेडिएशनसोबत न देता त्यानंतर दिलं तर चित्र वेगळं दिसतं. फुफ्फुसाच्या तिसऱ्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये केमो-रेडिएशन संपल्यावर दुर्वालुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिलं, तेव्हा पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ३३ वरून ४३ टक्क्यांच्या आसपास गेलं. त्वचेच्या स्क्वॅमस सेल कॅन्सरमध्ये, ज्यांच्यात तो परतण्याचा धोका मोठा होता अशा रुग्णांना शस्त्रक्रिया आणि रेडिएशननंतर सेमिप्लिमॅब हे तशाच प्रकारचं औषध दिल्यावर आजार परतण्याचा किंवा मृत्यूचा धोका ६८ टक्क्यांनी घटला, असं २०२५ मध्ये जाहीर झालं. या चाचण्यांत सगळ्यांनाच रेडिएशन मिळालं होतं, त्यामुळे श्रेयाची नेमकी वाटणी त्यातून होत नाही. पण आधी शेक आणि मग औषध, हा क्रम काही कॅन्सरमध्ये रुग्णांच्या पदरात ठोस लाभ टाकतो, एवढं नक्की.

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचं उदाहरण या संदर्भात हमखास दिलं जातं. ऑगस्ट २०१५ मध्ये त्यांच्या यकृतात आणि मेंदूत मेलॅनोमा सापडला. यकृताचा रोगट भाग काढला गेला, मेंदूतल्या चार बारीक डागांवर नेमकं रेडिएशन झालं आणि पेम्ब्रोलिझुमॅब सुरू झालं. डिसेंबरमधल्या स्कॅनमध्ये कॅन्सर दिसला नाही. तेव्हा ९१ वर्षांचे असलेले कार्टर पुढे शंभरी पार करून डिसेंबर २०२४ मध्ये गेले. ही हकिगत उमेद देणारी आहे खरी. पण तीन उपचारांपैकी कशाचा गुण किती, हे एका माणसावरून सांगता येत नाही. म्हणूनच दोन गट पाडून केलेल्या चाचण्यांना पर्याय नाही.

भारतात मेलॅनोमा तुलनेने कमी आढळतो. जो आढळतो, तो अनेकदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली असतो. भोवरी, कुरूप किंवा ठेच लागून काळं पडलेलं नख समजून त्याकडे दुर्लक्ष होतं आणि रुग्ण येतो तेव्हा आजार पसरलेला असतो. मग समोर येतो औषधांचा खर्च. त्या बाबतीत मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने मोलाचं काम केलं आहे. डोकं-मानेच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये तोंडाने घ्यायच्या स्वस्त औषधांना तीन आठवड्यांतून एकदा फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅबची जोड दिली, तेव्हा वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. ही मात्रा नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी आहे. त्यात रेडिएशन नव्हतं, कॅन्सरही वेगळा होता. पण थोड्या औषधाला रेडिएशनची साथ मिळून जास्त गुण येतो का, हे तपासण्याचं सर्वात मोठं कारण आपल्यासारख्या देशाकडेच आहे.

तोवर रुग्णांनी आणि नातेवाइकांनी काय धरून चालावं? मेंदूत गाठ असेल, हाड दुखत असेल किंवा मज्जारज्जूवर दाब येत असेल, तर इम्युनोथेरपी चालू असतानाही रेडिएशन दिलं जातं आणि त्याचा फायदा होतो. त्यासोबत मेंदूच्या शेकलेल्या भागाला इजा, आतड्याला किंवा फुफ्फुसाला सूज, थायरॉइडचा बिघाड असे त्रास संभवतात. नवी डोकेदुखी किंवा जुलाब सुरू झाले किंवा धाप लागली तर लगेच कळवायला हवं. मात्र एका जागी शेक घेतला की बाकीच्या गाठी आपोआप विरतील, या एकाच आशेवर रेडिएशन घ्यावं असा पुरावा आज नाही. कुणी तसं आश्वासन दिलं, तर हा उपचार नियमित आहे की चाचणीचा भाग, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. चाचणी असेल आणि ती नीट समजावून सांगितली असेल, तर तिच्यात सहभागी होण्याचा विचार जरूर करावा. किती ग्रे, कोणत्या गाठीला आणि औषधाच्या आधी की नंतर, या प्रश्नांची उत्तरं अशा रुग्णांच्या सहभागातूनच मिळणार आहेत.