पाण्यातील धातुशोधन : यंत्राची निवड

धातुशोधक यंत्र घेताना ते किती खोलवर पोचते, याचीच पृच्छा प्रथम होते. वास्तविक पहिला प्रश्न पाण्याच्या खारटपणाचा असावयास हवा. यंत्राच्या वेटोळ्यातील बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत भोवऱ्यासारखे विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात व त्यांवरून धातूचा सुगावा लागतो. परंतु समुद्राचे पाणी स्वतःच विद्युत्‌वाहक. त्याची संवाहकता नदीच्या पाण्याच्या शेकडो पट असते. त्यामुळे एकाच कंप्रतेवर चालणारे जे यंत्र तलावात (लोणारसारखा खारा अपवाद सोडल्यास) निर्वेध चालते, तेच ओल्या पुळणीवर अखंड किरकिरते.

तेथे स्पंद-प्रवर्तन यंत्र सुचविले जाते. ते प्रवाह एकाएकी तोडते व काही मायक्रोसेकंद थांबून प्रतिसाद टिपते. तेवढ्यात पाण्याचा प्रतिसाद विरतो, धातूचा टिकतो. मात्र सोन्याच्या बारीक साखळीचा प्रतिसादही तितकाच अल्पजीवी असतो. विलंब वाढविला की पाण्याबरोबर तीही हरवते. यंत्र मूक राहिले एवढ्यावरून स्थळ रिक्त असल्याची नोंद करणे म्हणूनच धोक्याचे. शिवाय लोखंडी खिळा व अंगठी यांत हे यंत्र फारसा भेद करीत नाही. असा भेद हवा असेल तर अनेक कंप्रतांचे यंत्र बरे. रत्नागिरीकडील काळ्या खनिजयुक्त वाळूत मात्र त्याचीही खोली घटते.

दख्खनच्या नद्यांचे पाणी गोडे खरे, पण पात्रातील बेसाल्टच्या गोट्यांत मॅग्नेटाइट असते. भूमि-संतुलनाची सोय नसलेले यंत्र तेथे कुचकामी. आणखी एक गोष्ट : पुष्कळ यंत्रांचे केवळ वेटोळेच जलाभेद्य असते, नियंत्रक पेटी नव्हे.