घरातील विषे आणि पाळीव प्राणी – लेखांक ६ : चॉकलेट

मागील लेखांकात कांदा-लसणामुळे कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी कशा फुटतात हे पाहिले. चॉकलेटचे विष वेगळ्या वाटेने जाते, आणि त्याच्या बाबतीत घरच्यांचा अंदाज बहुधा दोन्ही बाजूंनी चुकतो. लॅब्रेडॉरने एखादी वडी खाल्ली तर घर डोक्यावर घेतले जाते आणि केकसाठी आणलेली कोको पावडर लहानग्या स्पिट्झने चाटली तर ‘सकाळी बघू’ म्हणून सारे झोपी जातात.

कोकोच्या बियांत थिओब्रोमीन हे अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत तयार होणारे व प्राण्यांच्या शरीरावर तीव्र परिणाम करणारे नायट्रोजनयुक्त द्रव्य असते, आणि कॉफीतील कॅफीन हे त्याचे सख्खे भावंड होय. (नाव ‘देवांचे अन्न’ या अर्थाच्या थिओब्रोमा या वृक्षनामावरून पडले असल्याने ब्रोमीन या मूलद्रव्याशी त्याचा काही संबंध नाही.) मेंदूला सबुरीचा इशारा देणाऱ्या ॲडिनोसिनची जागा हे द्रव्य अडवून बसते, त्यामुळे मज्जासंस्था चेतलेली राहते आणि हृदयाचे ठोके वाढतात. माणसाच्या रक्तातून यातील निम्मे द्रव्य सहा ते दहा तासांत नाहीसे होते. कुत्र्याला त्यासाठी सुमारे साडेसतरा तास लागतात. शिवाय लघवीत उतरलेले थिओब्रोमीन मूत्राशयाच्या भिंतीतून पुन्हा रक्तात शिरू शकते, म्हणूनच अशा कुत्र्याला दवाखान्यात वरचेवर लघवीला नेतात किंवा नळी घालतात.

धोका किती, हे हिशेबाने बऱ्यापैकी कळते. मिल्क चॉकलेटच्या एका ग्रॅममध्ये साधारण २ मिलिग्रॅम, डार्कमध्ये ५ च्या आसपास, तर कोको पावडरमध्ये २० किंवा त्याहूनही अधिक थिओब्रोमीन असते. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅमला वांती, जुलाब व अस्वस्थता, ४० ते ५० ला हृदयाच्या तक्रारी आणि ६० च्या पुढे झटके संभवतात. पाच किलोच्या स्पिट्झने ५० ग्रॅम मिल्क चॉकलेट खाल्ले तर तो पहिल्या उंबरठ्यावर येतो, तर तीस किलोच्या लॅब्रेडॉरला तेवढेच चॉकलेट किलोमागे जेमतेम साडेतीन मिलिग्रॅम पडते. परंतु त्याच स्पिट्झने दोन मोठे चमचे, म्हणजे दहा ग्रॅम कोको पावडर खाल्ली की आकडा थेट ४० वर जातो.

म्हणून पहिले काम म्हणजे फाटलेले वेष्टन केराच्या डब्यातून काढून जपून ठेवणे, उरलेला तुकडा पाहून किती गेले याचा अंदाज बांधणे, कुत्र्याला उचलून घेऊन वजनकाट्यावर उभे राहून स्वतःचे वजन वजा करणे, आणि हे सर्व खाल्ल्याच्या वेळेसह पशुवैद्याला फोनवर सांगणे. लक्षणांची वाट पाहणे ही सर्वांत महागडी चूक ठरते, कारण ती बहुधा सहा ते बारा तासांनी दिसू लागतात, तर वांती करवण्याचा खरा लाभ पहिल्या दोनेक तासांतच मिळतो. ही वांती दवाखान्यात इंजेक्शनने करवावी. मिठाचे पाणी पाजण्याचा घरगुती उपाय रक्तातील सोडियम वाढवून स्वतःच जीवघेणा ठरू शकतो, आणि झटके येत असलेल्या वा अर्धवट शुद्धीतील कुत्र्याच्या तोंडात काहीही घातले तर ते फुप्फुसात जाते. या विषावर उतारा नाही. विष शोषून धरणारा औषधी कोळसा, सलाइन, झटके थांबवणारी औषधे आणि हृदयावर नजर एवढ्या बळावर शरीराला वेळ मिळवून द्यायचा असतो, आणि तीव्र प्रकरणात हा वेळ ७२ तासांपर्यंत लांबतो.

पांढऱ्या चॉकलेटमध्ये थिओब्रोमीन नावापुरतेच असते, मात्र त्यातील चरबीने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या वेष्टनावर मात्र झायलिटॉल (साखरेऐवजी वापरले जाणारे गोड द्रव्य) हा शब्द आधी शोधावा, कारण ते असल्यास वरील सारा हिशेब बाजूला पडतो आणि अर्ध्या तासातही रक्तातील साखर कोसळू शकते; त्याची प्रक्रिया पुढील लेखांकात.