सरकारी विदुर

द्यूतसभेत विदुराने परोपरीने सांगून पाहिले. पण त्याचे ऐकणे कुणावरच बंधनकारक नव्हते! ब्रिटनने मात्र आपल्या विदुराच्या हाती दंड दिला आहे. २००५ च्या कायद्याने तेथे ‘गॅम्बलिंग कमिशन’ आले. जुगाराचा धंदा करणाऱ्याने त्याचे नियम मोडले, की दंड. प्रसंगी परवानाही जातो.

वाचकहो, या कमिशनची नजर कोठवर पोचते पाहा. नशिबाची चक्रे आता हातातल्या फोनवर फिरतात. बोट टेकले, चक्र फिरले, पैसे गेले. विचाराला उसंत कुठली? म्हणून ऑक्टोबर २०२१ अखेर फर्मान अमलात आले: एक फेरी सुरू झाल्यापासून दुसरी सुरू व्हायला निदान अडीच सेकंद लागलेच पाहिजेत आणि चक्राने आपोआप फिरत राहायचे नाही. अडीच सेकंद म्हणजे सुपारीचे खांड तोंडात टाकण्याइतका अवधी. पण तेवढ्यात घरची आठवण व्हायला हरकत नाही! क्रेडिट कार्डावर, म्हणजे उसन्या पैशांवर खेळणे तर एप्रिल २०२० मध्येच बंद झाले.

२०२५ मध्ये सरकारनेही फोनवरच्या चक्रांना फेरीमागे ५ पौंडांची मर्यादा घातली; पंचविशीच्या आतल्यांना २ पौंडांची. त्याच वर्षी व्यसनींच्या उपचारासाठी कंपन्यांवर पट्टी बसली. ती भरली जाते हरणाऱ्यांच्याच पैशांतून, ही गोष्ट निराळी.