बर्फाचा टायर, नवतप्याची हवा

म्युनिक-स्टुटगार्टकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांत ऑक्टोबर लागला की दिवाळीच्या खरेदीबरोबर आणखी एक काम निघतं: गाडीचे उन्हाळी टायर उतरवून हिवाळी चढवणं. ईस्टर आला की पुन्हा उलट. बरेच जण रिमसकट दोन संच बाळगतात. घरात जागा नसेल तर टायरवालाच भाडं घेऊन दुसरा संच सांभाळतो. तिकडचे सल्ले आणि व्हिडिओ नागपुरात पोचतात आणि नवी इलेक्ट्रिक गाडी घेणारा शोरूममध्ये विचारतो, ‘हिवाळ्यासाठी वेगळे टायर घ्यावे लागतील का?’ सेल्समन गोंधळतो आणि वेळ मारून नेण्यासाठी मोठ्या अलॉय व्हील्सचा विषय काढतो.

खरं तर नागपूरच्या टायरला हिवाळा फारसा छळत नाही. छळतात ते उन्हाळा आणि पावसाळा. आणि या दोन्हींसाठी टायर बदलायचा नसतो, सांभाळायचा असतो. तो कसा, याबद्दल मात्र गैरसमजांची कमी नाही.

‘नागपुरातही कडाका पडतो, मग हिवाळी टायर बरेच की’

कडाका पडतो हे खरं. २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे इथं पारा ३.५ अंशांवर आला होता. पण हिवाळी टायरचं रबर मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं, कारण साधारण ७ अंशांच्या खाली नेहमीचं रबर कडक होऊन रस्ता धरत नाही. नागपुरात अशी थंडी पडली तरी ती पहाटेच्या काही तासांची. दुपारी पुन्हा स्वेटर काढून खांद्यावर टाकायची वेळ येते. तेच मऊ रबर मे महिन्यात तापल्या रस्त्यावर घातलं तर ते भराभर झिजतं, ब्रेक लावल्यावर गाडी उशिरा थांबते आणि रेंजही घटते.

खऱ्या हिवाळी टायरची खूण म्हणजे तीन शिखरांच्या डोंगरात कोरलेला हिमकण. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून बर्फाळ रस्त्यावर याच खुणेचा टायर चालतो. आपल्याकडे काही एसयूव्हींच्या टायरवर ‘एम प्लस एस’ अशी अक्षरं दिसतात, ती वाचून ‘आपले हिवाळीच आहेत’ असं समजू नये. ती अक्षरं चिखल-बर्फासाठीच्या नक्षीबद्दल कंपनीने स्वतः दिलेली ग्वाही असते. त्यामागे हिमकणाच्या खुणेसारखी बर्फावरची चाचणी नसते.

‘उन्हाळ्यात हवा दोन पॉइंट कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटतो’

सगळ्यांत खोल रुजलेला आणि सगळ्यांत घातक गैरसमज हाच. नवतपा, म्हणजे मेअखेरचे रणरणते नऊ दिवस, सुरू झाला की पंक्चरच्या दुकानात काळजीपोटी सांगतात, ‘भाऊ, उन्ह पाहा कसं आहे, दोन पॉइंट कमीच टाकतो.’ सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण गणित उलटं असतं.

टायर सहसा जास्त हवेने फुटत नाही, कमी हवेने फुटतो. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजूची भिंत जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. या वाकण्या-सरळ होण्यात उष्णता तयार होते. रस्ता तापलेला, बाहेर ४५ अंश, त्यात ही आतली उष्णता. रबर आणि आतल्या दोऱ्यांचे थर एकमेकांना सोडू लागतात आणि तास-दीड तासाच्या वेगवान प्रवासानंतर टायर एकदम जातो. हवा तापून जो दाब वाढतो, तो गृहीत धरूनच टायर बनवलेला असतो.

आकड्यांत पाहू. मे महिन्यातली पहाट, ३० अंश, गाडी रात्रभर उभी. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे तुम्ही ३३ पीएसआय हवा भरली. हायवेवर टायरच्या आतली हवा ६० अंशांवर गेली की तीच हवा ३८ दाखवेल. हे अगदी ठरल्याप्रमाणे आहे. आता वाटेतल्या पंपावर कुणी ३८ चा आकडा पाहून दचकला आणि सोडून सोडून ३३ वर आणली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी गार टायरमध्ये उरतात जेमतेम २९. पुढचा प्रवास त्या २९ वर. गरम टायरची हवा कधीही सोडायची नाही; तपासायची ती सकाळी, गाडी हलवण्याआधी.

हेच गणित हिवाळ्यात दुसऱ्या बाजूने चावतं. मे महिन्यात ३३ भरलेली हवा डिसेंबरातल्या १० अंशांच्या पहाटे ३० वर येते, एक कणही न गळता. वर महिन्यागणिक थोडी गळती असतेच. म्हणून थंडीत डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा लागला की पंक्चर शोधत बसण्याआधी हवा भरून पाहावी. नागपूरकराचा ‘हिवाळी टायर’ म्हणजे एवढंच: डिसेंबरात एकदा हवा पूर्ण करणं.

आणखी एक. टायरच्या भिंतीवर बारीक अक्षरांत ४४ किंवा ५१ पीएसआय असा आकडा असतो. तो कमाल दाब आहे, भरायचा नव्हे. भरायचा आकडा दाराच्या स्टिकरवर असतो आणि इलेक्ट्रिक गाडीचा तो पेट्रोलच्या जुळ्या भावापेक्षा वेगळा असू शकतो.

‘नायट्रोजन भरला की चिंता मिटली’

साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. तापल्यावर दोन्ही सारख्याच फुगतात. नायट्रोजन कोरडा असतो आणि किंचित हळू गळतो, एवढाच फायदा. फुकट मिळत असेल तर जरूर भरा; पण तो भरून महिनोन्‌महिने दाब न तपासणारा माणूस साधी हवा नेमाने तपासणाऱ्यापेक्षा जास्त धोक्यात असतो.

‘समृद्धीचा सिमेंट रस्ता टायर फोडतो’

११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि अपघातांच्या बातम्यांत ‘टायर फुटल्याने’ हे शब्द कायमचे येऊन बसले. सिमेंट तापतं म्हणून टायर फुटतो, असा निष्कर्ष पानठेल्यावर केव्हाच निघाला. प्रत्यक्षात फिकट रंगाचं काँक्रीट डांबरापेक्षा जास्त ऊन परतवतं. त्याच दुपारी काळं डांबर सहसा अधिक तापलेलं असतं. फरक रस्त्याच्या रंगात नाही, लांबीत आणि वेगात आहे. जुन्या रस्त्यावर गाव आलं, फाटक आलं, गतिरोधक आला की टायरला श्वास घ्यायला वेळ मिळायचा. समृद्धीवर कारला १२० ची मुभा आहे आणि नागपूरजवळ शिवमडक्याला रस्ता सुरू होतो तिथपासून तासन्‌तास काही आडवं येत नाही. शहरात खपून गेलेली कमी हवा किंवा झिजलेला टायर तिथं उघडा पडतो. २०२३ मध्ये परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, ती यासाठीच.

आणि प्रत्येक अपघाताचं खापर टायरवर फोडणंही बरोबर नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ बस जळून २५ जण गेले, तेव्हा पहिलं कारण टायर फुटल्याचंच सांगितलं गेलं. परिवहन कार्यालयाच्या अहवालाने मात्र ते मान्य केलं नाही. सरळसोट रस्त्यावर ड्रायव्हरचं भान हरपणं हा वेगळा आणि टायरइतकाच गंभीर विषय आहे.

‘साईज जुळली की कोणताही टायर चालतो’ आणि ‘ईव्ही लिहिलेलाच टायर लागतो’

ही दोन टोकं, आणि दोन्ही अर्धी खरी. नागपूरला इलेक्ट्रिक गाडी तशी नवी नाही. २६ मे २०१७ ला, ऐन नवतप्यात, ओला आणि महिंद्राच्या इलेक्ट्रिक टॅक्सींचा प्रयोग इथंच सुरू झाला होता. त्या गाड्या छोट्या होत्या. आजच्या एसयूव्ही बॅटरीमुळे पेट्रोलच्या तशाच गाडीपेक्षा बहुतेक दोन-तीनशे किलोंनी जड असतात, आणि पायाखाली पूर्ण ताकद क्षणात मिळते. हे वजन आणि तो झटका शेवटी चार टायरच पेलतात.

म्हणून टायर घेताना वाकून त्याच्या भिंतीवरचा शेवटचा आकडा वाचावा. समजा लिहिलं आहे ‘२१५/६० आर १६ ९५ एच’. २१५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, १६ इंचांची रिम. इथपर्यंत सगळे वाचतात. पुढचा ९५ म्हणजे एक टायर ६९० किलो पेलतो. ९१ असता तर ६१५. ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची क्षमता. कंपनीने दिलेल्या आकड्यापेक्षा खालचा टायर दुकानदार ‘साईज तीच आहे’ म्हणून स्वस्तात देत असेल, तर नको म्हणा. वरचा चालतो.

‘ईव्ही’ ही अक्षरं मात्र सक्तीची नाहीत. अपोलोचा अँपेरियन, सिएटचा एनर्जीड्राइव्ह असे खास इलेक्ट्रिक गाड्यांसाठीचे टायर बाजारात आहेत. त्यांत चाक फिरताना होणारा विरोध कमी ठेवलेला असतो, म्हणजे तेवढ्याच चार्जमध्ये गाडी थोडी जास्त पळते, आणि आवाजावरही काम केलेलं असतं. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे टायरची घरघर कानावर येते. नागपूरच्या सिमेंट रस्त्यांवर तर जास्तच. पण भारवहन, वेग आणि ओल्या रस्त्यावरची पकड जुळत असेल तर साधा चांगला टायरही चालतो. रेंज थोडी कमी मिळेल. नवे टायर टाकल्यावर रेंज घटली म्हणून लगेच भांडायलाही जाऊ नये. खोल खाचांचं कोरं रबर जास्त वाकतं, म्हणून नेमका तोच टायर नवा घातला तरी सुरुवातीला थोडी घट दिसतेच.

‘रीजनमुळे ब्रेक वाचतात, तसे टायरही’

रीजनमध्ये, म्हणजे मोटरच गाडी मंदावून वीज बॅटरीत परत भरते तेव्हा, ब्रेक पॅड वाचतात. टायर नाही. गाडी थांबवणारी ओढ मोटरकडून आली काय किंवा ब्रेककडून, ती रस्त्यापर्यंत टायरमधूनच जाते. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत ताकद आणि रीजन दोन्ही पुढच्याच जोडीवर येतात, म्हणून पुढचे टायर आधी संपतात. दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल आणि अलाइनमेंट करून घेणं हा त्यावरचा स्वस्त उपाय.

‘मोठं अलॉय, चांगली पकड’

दिसतं छान. पण रिम वाढली की टायरची भिंत बुटकी होते, खड्ड्याचा मार थेट रिमला बसतो आणि जड, रुंद चाक रेंज खातं. सिमेंट रस्ता आणि कडेच्या गट्टूंमधली उभी कड पाहिली असेल, तर हे वेगळं सांगायला नको.

‘खाचा दिसतात ना, मग टायर चांगला आहे’

कायदा कारसाठी किमान १.६ मिलिमीटर खोली मागतो, आणि खाचेच्या तळाशी असलेल्या छोट्या उंचवट्यांशी रबर समपातळीत आलं की ती मर्यादा गाठलेली असते. पण जुलैच्या सरीत रस्त्यावर साचलेलं पाणी बाजूला सारायला १.६ अपुरे पडतात; टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग हलकं लागतं. ३ मिलिमीटर उरले असतील तर पावसाळ्याआधी बदलणं शहाणपणाचं. मेच्या शेवटी नवे टायर टाकणाऱ्याला दुकानात गर्दी कमी आणि घासाघीस जास्त, दोन्ही लाभतात.

रबराचं वयही पाहावं. भिंतीवरच्या लंबगोलातले शेवटचे चार अंक, उदाहरणार्थ २३२३, म्हणजे २०२३ चा तेविसावा आठवडा. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचं रबर उन्हाने कमी वापरातही तडकतं, आणि कधीच न वापरलेली स्टेपनीसुद्धा म्हातारी होते. ती असेल तर, कारण २०२० च्या नियमानुसार ट्यूबलेस टायर, दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्ती किट दिलं की कंपनीला स्टेपनी न देण्याची मुभा आहे. गाडी ताब्यात घेताना डिकीचा तळ उचलून पाहा. किट असेल तर त्यातल्या द्रवाच्या बाटलीवरही मुदत छापलेली असते.