शाळेतले गोल आणि ड्राफ्ट
अमेरिका-कॅनडातील बर्फावरच्या हॉकीच्या एनएचएल लीगमध्ये दरवर्षी ड्राफ्ट (संघांनी पाळीपाळीने नवोदितांवर हक्क नोंदवण्याची पद्धत) होतो. शाळेत सर्वाधिक गोल करणाराच आधी निवडला जाणार, असा समज सहज होतो. पण ड्राफ्ट हे बक्षीस नव्हे, अंदाज आहे. मोहोर पाहून आंब्याची बाग घ्यावी तसा. शालेय सामन्यांत अनेक प्रतिस्पर्धी कच्चे असतात. म्हणून स्काउट (खेळाडू हेरणारे जाणकार) स्केटिंग, निर्णयाचा वेग आणि वाढीला उरलेला वाव पाहतात. तरीही अंदाज चुकतात. १९८३ मध्ये शालेय हॉकीतला ब्रायन लॉटन पहिला निवडला गेला. चौथा स्टीव्ह आयझरमन कारकिर्दीत त्याच्या फार पुढे गेला. पाचवा टॉम बरासो मात्र शाळेतून थेट एनएचएलमध्ये आला आणि पहिल्याच हंगामात सर्वोत्तम गोलरक्षक ठरला.